'ॲज द क्रो फ्लाइज' : कावळ्याचे पाच मैल मराठीत कसे आणायचे?

अनुवादिनी

मंडळी, एका साध्या वाक्याने मला चार दिवस अडवून धरलं आहे. एका इंग्रजी कथेचा अनुवाद करते आहे. त्यात एक म्हातारा आणि त्याचा नातू टेकाडावर उभे आहेत. खाली दरी, पलीकडच्या उतारावर त्यांना जायचं ते घर. घराचं धुराडं दिसतंय. नातू विचारतो, अजून किती लांब? म्हातारा म्हणतो, 'फाइव्ह माइल्स, ॲज द क्रो फ्लाइज.' शब्दशः, कावळा उडतो तसे पाच मैल. बस, एवढंच.

मी लिहिलं, 'सरळ रेषेत पाच मैल.' शब्दकोशाप्रमाणे अगदी चोख.

मसुदा मैत्रिणीला वाचायला दिला. तिने समासात पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि खाली लिहिलं : 'पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर, दोन तासांची चाल. मग ही दोघं सकाळी निघून दिवेलागणीला का पोचतात? मधलं पान गाळलंस का?'

पान गाळलं नव्हतं. गळला होता तो त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग, जो इंग्रजीत लिहिलेलाच नाही. इंग्रजी वाचकाच्या कानावर 'क्रो' पडला की त्याला आपसूक कळतं, कावळ्याला पाच मैल, आपल्याला पंख नाहीत, तेव्हा आता बरंच चालायचंय. माझं ठाम मत झालंय की हा वाक्प्रचार अंतर सांगण्यापेक्षा सावध करण्यासाठी जास्त वापरला जातो. 'सरळ रेषेत' म्हटलं की आकडा उरतो आणि इशारा जातो.

तुम्ही हे मराठीत कसं म्हणाल? म्हातारा साधा मेंढपाळ आहे, हे लक्षात ठेवून सांगा.

पायवाट

'हवाई अंतर' चालेल की. सगळे म्हणतात.

अनुवादिनी

@पायवाट, बातमीत चालेल. पण मेंढपाळाच्या तोंडी 'हवाई' आलं की विमानतळ डोळ्यांसमोर येतो.

दर्यावर्दी

या वाक्प्रचाराची मूळ कथा मला ठाऊक आहे. जुन्या काळी इंग्रज खलाशी जहाजावर पिंजऱ्यात कावळे ठेवत. धुक्यात वाट चुकली, किनारा दिसेना, की डोलकाठीच्या टोकावरून कावळा सोडायचा. कावळा जमिनीवरचा पक्षी, तो नेमका किनाऱ्याकडे सरळ उडणार. त्याच्या मागे जहाज हाकायचं. म्हणून 'ॲज द क्रो फ्लाइज', आणि डोलकाठीवरच्या टेहळणीच्या जागेला 'क्रोज नेस्ट', म्हणजे कावळ्याचं घरटं.

जुनी_पाने

दर्यावर्दी, कथा देखणी आहे, पण या वाक्प्रचाराचा उगम म्हणून तिला पुरावा नाही. तारखाही जुळत नाहीत. 'ॲज द क्रो फ्लाइज' 18व्या शतकाच्या उत्तरार्धात छापील इंग्रजीत स्पष्ट दिसतो, आणि तोही जमिनीवरच्या प्रवासाबद्दल, समुद्राबद्दल नव्हे. डोलकाठीवरचं पिंपासारखं 'क्रोज नेस्ट' मात्र 1807 साली विल्यम स्कोर्स्बी या देवमाशांची शिकार करणाऱ्या कप्तानाने बनवलं असं मानतात. बर्फाळ समुद्रात वर उभं राहणाऱ्या माणसाला वाऱ्यापासून आडोसा हवा होता. लांबून ते घरट्यासारखं दिसे, नावाला एवढं कारण पुरे. तिथून कावळे सोडण्याचा संबंध मागाहून जोडलेला दिसतो.

शब्दांच्या अशा व्युत्पत्ती फार वेगाने पसरतात, कारण त्या ऐकायला गोड असतात. प्रत्येक वेळी तारीख विचारावी.

दर्यावर्दी

बरं, घरट्याचं मान्य. पण खलाशी पक्षी सोडायचे हे तरी खरं आहे की तेही गेलं?

पिंपळपान

ते खरं आहे दर्यावर्दी, आणि इंग्रजांच्या कितीतरी आधीचं आहे! इथे मला राहवत नाही, थोडं लांबण लावते.

पाली भाषेत 'दिसाकाक' असा शब्द आहे. दिशा दाखवणारा कावळा. बावेरु जातकात व्यापारी असा एक कावळा घेऊन समुद्रापार बावेरु देशात जातात. बावेरु म्हणजे बॅबिलोन असं अभ्यासक मानतात. तिथल्या लोकांनी पक्षी पाहिलेला नसतो, ते त्या कावळ्याचं भारी कौतुक करतात, आणि पुढच्या खेपेला व्यापारी मोर घेऊन येतात तेव्हा बिचाऱ्या कावळ्याचा मान संपतो. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या केवट्टसुत्तात तर बुद्धाने दृष्टान्तच दिला आहे : समुद्रावरचे व्यापारी किनारा शोधणारा पक्षी बरोबर नेतात. तो चारही दिशांना, वर, आडव्या दिशांना उडून पाहतो. जमीन दिसली तर तिकडे निघून जातो, नाही दिसली तर जहाजावर परत येतो.

रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात तेच लिहून ठेवलंय : ताप्रोबेनचे, म्हणजे श्रीलंकेचे, खलाशी ताऱ्यांवरून दिशा बघत नाहीत, पक्षी सोडतात आणि ते जमिनीकडे निघाले की त्यांच्या मागे जातात. आणि उत्तरेकडे आइसलँडच्या जुन्या कथांमध्ये 9व्या शतकातला फ्लोकी आहे. त्याने तीन डोमकावळे नेले. पहिला मागे, आल्या वाटेने गेला. दुसरा वर उडाला आणि जहाजावर परतला. तिसरा पुढे उडाला तो परत आलाच नाही, आणि त्या दिशेला जमीन लागली. त्याचं नावच पडलं कावळ्यांचा फ्लोकी.

म्हणजे कावळ्याच्या मागे जहाज नेण्याची गोष्ट जगभर आहे. ती या इंग्रजी वाक्प्रचाराची आई आहे, एवढं मात्र म्हणता येत नाही.

जुनी_पाने

पिंपळपानताई, दिसाकाकासाठी मनापासून धन्यवाद. आणि केवट्टसुत्तातला तो परत येणारा पक्षी विसरायचा नाही. कावळा सरळ तेव्हाच जातो, जेव्हा त्याला किनारा दिसतो.

घरटं

पक्षी बघणारा माणूस म्हणून एक आक्षेप. कावळा काही सरळ उडत नाही. दिवसभर कधीही बघा : खाली येईल, वळेल, फांदीवर बसेल, दुसऱ्याच्या तोंडचं पळवेल, मागे फिरेल. सरळ बघायचा असेल तर संध्याकाळी. सूर्य कलला की कावळे रातथाऱ्याकडे निघतात. तेव्हा ते ना इकडे बघतात ना तिकडे. संथ, एका लयीत पंख मारत, एकामागून एक, आकाशात दोरी ताणल्यासारखे जातात. शेतातून घरी परतणाऱ्या कुणीतरी रोज हे बघितलं असेल आणि म्हटलं असेल, यांना बरं, ना कुंपण ना ओढा. हा माझा अंदाज, पुरावा मागू नका.

आणि पक्षी सरळ जातो हे गृहीतच डळमळीत आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी घरी परतणाऱ्या कबुतरांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवून त्यांचे मार्ग तपासले. 2004 साली ते गाजलं. ओळखीच्या भागात कबुतरं चक्क रस्त्यांवरून उडत होती आणि चौकात आल्यावर वळत होती!

टवाळपोर

@घरटं, म्हणजे कबुतराला विचारलं तर तो मोटारीचंच अंतर सांगेल. 😄

घरटं

थोडंसं तसंच! आता सरळ उडण्याचा मान द्यायचाच तर शेपटीवर पट्टे असलेल्या गॉडविट या किनाऱ्यावरच्या पक्ष्याला द्या. 2022च्या ऑक्टोबरमध्ये यातलं एक पिल्लू, जेमतेम पाच महिन्यांचं, अलास्काहून निघून टास्मानियाला पोचलं. सुमारे 13,560 किलोमीटर, 11 दिवस, वाटेत अन्न नाही, पाणी नाही, टेकणं नाही. ती वाट त्याला कुणी दाखवलेली नव्हती. हे वाचलं त्या दिवशी मी कामात लक्ष लावू शकलो नव्हतो.

ओळंबा

मोजणीच्या बाजूने बोलतो, कारण 'सरळ' हा शब्द इथे सगळेजण फार सहज वापरत आहेत. पृथ्वी गोल आहे. तिच्या पाठीवर दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा, पृथ्वीला बरोबर मधोमध कापणाऱ्या वर्तुळाचा, तुकडा. न्यूयॉर्क आणि माद्रिद दोन्ही साधारण 40 अंश उत्तर अक्षांशावर. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर वाट आडवी, सरळ पूर्वेला जाते. पण विमान उत्तरेकडे फुगून जातं आणि तीच वाट कमी भरते. नकाशावर वाकडी दिसणारी सरळ, आणि सरळ दिसणारी लांबची. खात्री करायची असेल तर पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन टाचण्यांमध्ये दोरा ताणा. दोरा आपणहून वर सरकतो.

पाच मैलांना हे लागू नाही, तेवढ्यात पृथ्वी सपाट धरली तरी चालते. पण डोंगर धरायलाच हवा.

पायवाट

आता ओळंब्याने डोंगर काढलाच आहे तर माझ्या क्षेत्रात आलात. डोंगरात चालणारे लोक अंतर विचारतच नाहीत, वेळ विचारतात. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक ठोकताळा दिला, तो आजही वापरतात : दर तीन मैलांना एक तास, आणि वर दर 2,000 फूट चढाईला आणखी एक तास.

अनुवादिनी, तुमच्या मैत्रिणीचा हिशेब याच्यात घालून बघू. पाच मैल कावळ्याचे. दरी आहे म्हणता, म्हणजे उतरायचं, ओढा ओलांडण्याजोगी जागा शोधायची, पुन्हा चढायचं. वाट वळणावळणाने जाऊन दहा-अकरा मैल सहज भरेल. तिथेच साडेतीन तास झाले. 2,000 फूट चढ धरला तर साडेचार. म्हातारा माणूस, लहान मूल, मध्ये जेवण, विश्रांती. दिवेलागण बरोबर होते! लेखकाने पान गाळलेलं नाही.

मी स्वतः एकदा असाच फसलोय. समोरच्या कड्यावर आमचा तंबू दिसत होता, नुसता दिसत नव्हता, दोरीवर वाळत घातलेला सोबत्याचा लाल मोजा ओळखू येत होता. म्हटलं, अर्धा तास. मधली घळ उतरता येईना म्हणून तिच्या तोंडाशी वळसा घालावा लागला. चार तास. सबंध वेळ तो लाल मोजा कधी उजवीकडे, कधी डावीकडे दिसत राहिला आणि जवळ काही येईना.

अनुवादिनी

@पायवाट, हिशेबाबद्दल आभार. कथेत चढ किती ते दिलेलं नाही, पण तुमचा लाल मोजा वाचून मला ते धुराडं नीट दिसलं. सबंध कथेत तो मुलगा त्या धुराड्याकडेच बघत चालतो.

कलमवाला

कायद्याच्या अभ्यासाला होतो तेव्हा हाच कावळा भेटला होता. कायद्यात 'अमुक अंतराच्या आत' असं लिहिलं की पहिला वाद ठरलेला : अंतर कसं मोजायचं? दारापासून दारापर्यंत पायवाटेने की सरळ? ब्रिटनच्या 1978च्या अर्थनिर्वचन कायद्याचं कलम 8 सांगतं की वेगळा हेतू दिसत नसेल तर अंतर क्षैतिज पातळीवर सरळ रेषेत मोजायचं. त्याआधीच्या 1889च्या कायद्यातही हेच होतं, आणि भारताच्या 1897च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 11मध्येही हेच आहे. 'क्षैतिज पातळीवर' हे शब्द महत्त्वाचे. म्हणजे डोंगराचा चढउतार मोजायचा नाही, नकाशावर पडेल तेवढंच.

पण मला खरी आवडलेली गोष्ट पुढेच आहे. इंग्लंडमध्ये मूल शाळेपासून किती लांब राहतं हे ठरवायचं असतं तिथे कायदा कावळ्याला बाजूला ठेवतो. 1996च्या शिक्षण कायद्यात आठ वर्षांखालच्या मुलासाठी दोन मैल आणि त्याहून मोठ्यासाठी तीन मैल ही चालण्याची मर्यादा आहे, आणि ती उपलब्ध असलेल्या जवळात जवळच्या वाटेने मोजायची, असं स्पष्ट लिहिलंय. ज्याला चालायचंय त्याच्या पायाने मोजा. मला तो कायदा करणाऱ्यांबद्दल तेव्हा फार आदर वाटला.

रातपाळी

कलमवाला, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. मी परिचारिका आहे. एका रात्री एका रुग्णासाठी तातडीने रक्त हवं होतं. नातेवाइकाने मोबाइलवर जवळची रक्तपेढी शोधली, यादीत सर्वांत वर 'दोन किलोमीटर' आलं, तो धावत निघाला. ते दोन किलोमीटर नदीच्या पलीकडचे होते. पूल बराच खाली. ज्या रक्तपेढीचं अंतर यादीत चार किलोमीटर होतं ती त्याच बाजूला होती आणि तिथे तो दहा मिनिटांत पोचला असता. रक्त मिळालं, रुग्ण वाचला. पण तो परत आला तेव्हा रक्ताच्या पिशव्या छातीशी धरून जिन्यावरच बसला होता. 'ताई, दोनच किलोमीटर होतं हो,' एवढंच म्हणत होता.

तेव्हापासून कुणीही अंतर सांगितलं की मी आधी विचारते, 'मध्ये काय आहे?'

पिंपळपान

🙏 'मध्ये काय आहे?' अनुवादिनी, तुमच्या वाक्यातून गळलेला भाग हाच नाही का?

अनुवादिनी

हाच. अगदी हाच.

नकाशावेडा

रातपाळीताईंच्या प्रश्नाला जगातलं सगळ्यात मोठं उत्तर : बेरिंगच्या सामुद्रधुनीत दोन बेटं आहेत, थोरलं आणि धाकटं डायोमीड. थोरलं रशियाचं, धाकटं अमेरिकेचं. मध्ये सुमारे 3.8 किलोमीटर पाणी. मध्ये काय आहे? आंतरराष्ट्रीय वाररेषा. कावळा थोरल्या बेटावरून सोमवारी निघाला तर काही मिनिटांत रविवारात पोचतो.

आणि पनामा-कोलंबियाच्या मधली डॅरियनची फट. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत जाणारा महामार्ग तिथे तुटतो. साधारण 100 किलोमीटर नुसतं जंगल आणि दलदल. कावळ्याचं अंतर आहे, मोटारीचं अंतर अस्तित्वातच नाही.

दर्यावर्दी

लंडनच्या टॅक्सीवाल्यांचं सांगू का? हे नक्की खरं आहे, जुनी_पाने, तारीख विचारा हवी तर. 😊 त्यांना चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सगळे रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते, ही पद्धत 1865पासूनची. अभ्यास करताना भिंतीवर नकाशा लावतात आणि निघायची जागा ते पोचायची जागा असा सुती दोरा ताणून धरतात. मग त्या दोऱ्याला शक्य तेवढं चिकटून जाणारे रस्ते शोधायचे. वाट छान जमली की म्हणतात 'ऑन द कॉटन', दोऱ्यावर आहे. कावळ्याची वाट ताणायची आणि तिच्या जवळात जवळ माणसाची वाट बसवायची.

जुनी_पाने

तारीख मान्य! आणि 'दोऱ्यावर आहे' फार आवडलं. आपल्याकडे गवंडी 'सुतात आहे' म्हणतात, तसंच.

शब्दवेल्हाळ

मूळ प्रश्नाकडे येऊ का? दुसऱ्या भाषा काय करतात ते बघण्यासारखं आहे. फ्रेंच म्हणतात 'पक्ष्याच्या उड्डाणाने', कुठला पक्षी ते सांगत नाहीत. जर्मनांचा शब्द 'लुफ्टलिनी', हवेतली रेघ, त्यात पक्षीच नाही. अमेरिकेत इंग्रजीलाच कावळा पुरला नाही म्हणून 'बीलाइन' आली : पोटभर मध घेतलेली माशी पोळ्याकडे सरळ सुटते, आणि मध शोधणारे तिच्या मागे जात.

आपलं मराठी अंतर मोजतं ते बहुतेक कानाने आणि हाताने. 'स्टोन्स थ्रो'ला आपण 'हाकेच्या अंतरावर' म्हणतो. तिथे दगड पोचतो, इथे आवाज पोचतो. 'कोस' हा शब्दही संस्कृत 'क्रोश'वरून, म्हणजे ओरडणं. हाक ऐकू जाईल तेवढी ती लांबी. आणि दिवस कासराभर वर आला म्हणतो तेव्हा बैलाच्या दोरीने आकाश मोजतो.

पण कावळ्याच्या जागी नेमकं बसणारं एक रत्न आपल्याकडे आहे, ते अजून कुणी काढलं नाही याचं नवल वाटतं. योगमार्गातले आणि संतपरंपरेतले दोन शब्द : पिपीलिका मार्ग आणि विहंगम मार्ग. झाडाच्या शेंड्यावर फळ आहे. मुंगी खोडावरून, फांदीफांदीने, थांबत थांबत तिथे पोचते, तो पिपीलिका मार्ग. पक्षी थेट उडून फळावर बसतो, तो विहंगम मार्ग. फळ तेच, झाड तेच. इंग्रजी वाक्प्रचारात पक्षी दिसतो आणि मुंगी न बोलता राहते. आपल्याकडे जोडीने दोघंही आहेत!

पिंपळपान

शब्दवेल्हाळ, अंगावर काटा आला. आजीकडून ऐकलं होतं, इथे जोडायचं सुचलं नाही.

ओळंबा

'विहंगम मार्गाने पाच मैल, पिपीलिका मार्गाने अकरा.' मोजणीच्या अहवालात घालावंसं वाटतंय.

अनुवादिनी

शब्दवेल्हाळ, हे माझ्या वहीत पहिल्या पानावर गेलं. पण माझा म्हातारा मेंढपाळ आहे हो. त्याच्या तोंडी 'विहंगम' घातला तर नातू घाबरून त्याच्याकडे बघेल. अर्थ हाच हवा, शब्द त्याचे हवेत.

टवाळपोर

'दिसायला पाच मैल, चालायला देव जाणे.'

घरटं

टवाळपोर, यातलं 'दिसायला' छान आहे. पण पक्षी गेला.

पायवाट

'दिसायला जवळ, चालायला लांब' असं आम्ही डोंगरात म्हणतोच. आकडा हवा असेल तर 'नजरेला पाच मैल' म्हणा.

रातपाळी

पक्षी ठेवा, अनुवादिनीताई. मुलाला पक्षी चटकन कळतो.

अनुवादिनी

काल रात्री तो उतारा पुन्हा वाचला. म्हातारा आकडा सांगताना समोर बघतो, आणि मग काही न बोलता मुलाच्या बुटाची नाडी घट्ट बांधतो. ही नाडी मी आधी नुसती भाषांतरित करून पुढे गेले होते. इंग्रजी लेखकाने कावळ्याचा दुसरा अर्धा भाग त्या नाडीत ठेवलाय. मराठीत कावळ्यावर मला तेवढा भरवसा टाकता येत नाही, म्हणून एक वाक्य जास्तीचं घेतेय :

*'पाखराला पाच मैल, पोरा. आपल्याला दिवस पुरायचा नाही.' एवढं बोलून तो खाली बसला आणि पोराच्या बुटाची नाडी ओढून घट्ट बांधू लागला.*

मैत्रिणीला पाठवलं. तिने प्रश्नचिन्ह खोडून समासात फक्त 'नाडी!' असं लिहिलंय.

जुनी_पाने

सुरेख. एकच शंका, पाखरू म्हटल्यावर कावळा गेला. मुळात कावळाच आहे, तो ठेवायला नको?

अनुवादिनी

विचार केला होता. 'कावळ्याला पाच मैल' म्हटलं की मराठी वाचक क्षणभर कावळा शोधतो, पिंड, शिवणं, पाहुणे येणार, काय काय मनात येतं. इंग्रजी वाचकाला तो कावळा दिसतच नाही इतका गुळगुळीत झालेला आहे. पाखरू तसंच, डोळ्यांत न खुपता जातं.

शब्दवेल्हाळ

पटलं. आणि मैलांचे कोस करणार का? 'पाखराला अडीच कोस, पोरा.'

अनुवादिनी

नाही, मैलच राहू देते. दरी त्यांची आहे.